एस्केप दाबलं की उघडतं

सुरेखावहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची बायको. मूळची दौंडची, वडील रेल्वेत खलाशी. लग्न होऊन शिरूरला आमच्या दोन खोल्यांच्या घरात आली ती टायपिंगचं सर्टिफिकेट घेऊनच. पुढं दाराजवळच्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर बसला आणि अर्धी वस्ती तिच्याकडं येऊ लागली. कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा तहसीलचा अर्ज, कुणाच्या मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड. तिची बोटं अशी चालायची की माणूस अर्ज विसरून बोटांकडंच बघत बसायचा.

माझा भाऊ तिला मारायचा. आता लपवून काय उपयोग? लपवायचं तेव्हा भरपूर लपवलं आम्ही.

नवनाथदादा रांजणगावच्या एका कंपनीत होता. वस्तीत त्याला मोठा मान. चौदा एप्रिलला स्टेजवर उभा राहून बाईच्या हक्कांवर असा बोलायचा की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. आणि घरी आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. ताटानंतर वहिनी. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, दुसरं काय!

वहिनी एका वकीलबाईंना भेटून आली. त्या म्हणाल्या, मारलं की तारीख लिहून ठेव. कशानं मारलं, कुठं लागलं, कुणी पाहिलं. तारखा असल्या की केस उभी राहते. वहिनीनं वही केली, ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवली. दादाला ती सापडली. त्यानं ती तिच्यादेखत पेटवली आणि जळत्या कागदांवर तिचा तळहात दाबून धरला. तिच्या ओरडण्यानं बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

हात बरा झाल्यावर ती कॉम्प्युटरमध्ये लिहू लागली. विंडोज सुरू झालं की पासवर्ड विचारायचं. तिला वाटलं, आता कोण बघतंय.

इथं माझं पाप येतं. २००५ सालचा जून. दादा टेबलापाशी बसलेला. म्हणाला, "राजे, हिनं पासवर्ड घातलाय का गं? मला गाणी लावायची हायत." मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. म्हणाले, "पासवर्ड कशाला पाह्यजे? एस्केप दाब, उघडतंय." आणि हंडा घेऊन पाण्याला गेले. त्या जुन्या विंडोजचं ते खरंच तसं होतं. दाराला कुलूप, पण दाराशेजारची भिंतच नाही.

परत आले तर कीबोर्ड वहिनीच्या तोंडावर फुटला होता. अक्षरांची बटणं फरशीभर उडालेली, काही रक्तात. दादा हाफत उभा होता. तारखा त्यानं सगळ्या पुसून टाकल्या होत्या. मी गुडघ्यावर बसून एकेक बटण वेचलं. वहिनीच्या ओठाला चार टाके पडले. एस्केप कुणी सांगितलं, हे मी तिला बोलले नाही. तिला ठाऊक नाही असं धरून चालले. भित्री होते मी.

टाके निघाल्यावर आम्ही दोघी जॉन्सन सरांकडं गेलो. त्यांचाच क्लास मी केला होता. मिशन कंपाउंडात वाढलेला माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी वहिनीच्या ओठाकडं बघितलं. दुसऱ्या कुणाला उघडता येणार नाही असं काही आहे का, असं वहिनीनं विचारलं. कपाटातून एक सीडी काढली.

"हे लिनक्स. फुकट असतं. इथं पासवर्ड ठाऊक नसेल तर एस्केप दाबून कुणी आत जात नाही. मुरलेला जाणकार सोडला, तर कुणीच नाही."

"माझं पत्रिकांचं काम चालंल का त्याच्यात?" वहिनीनं विचारलं.

"नाही चालणार. तुमचे फॉन्ट विंडोजचे. म्हणून डिस्क कापून अर्धी ह्याला द्यायची, अर्धी विंडोजला. पण कापताना लाइट गेली तर दोन्ही जातील. आधी नुसती सीडी लावून बघा, आवडतंय का."

आम्ही नवा कीबोर्ड जोडला आणि सीडी लावून बघितली. तपकिरी पडदा आला, मराठी अक्षरंही उमटली, थोडी वेडीवाकडी. वहिनीनं आठवून आठवून अकरा तारखा लिहिल्या आणि लोडशेडिंग झालं. लाइट आल्यावर बघतो तर एकही तारीख नाही! सीडीवरनं चालवलेलं मागं काही ठेवत नाही, हे आम्हाला कुठं ठाऊक?

मी म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ दे. लाइट गेली तर चार वर्षांच्या पत्रिका जातील. धंदा बसंल तुझा."

तिनं ओठावरच्या व्रणाला बोट लावलं. मग म्हणाली, "पत्रिका परत करता येतील. तारखा एकदा जळल्या, दोनदा पुसल्या गेल्या. आता गेल्या तर पुन्हा मला आठवणार न्हाईत."

ठरलं. मंगळवारी दादाची पहिली पाळी, आणि आमच्या भागातली लाइट बारापर्यंत जात नसे. साडेआठला सीडी घातली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पायानं सरकत होती. बल्ब जरा मिणमिणला की आम्ही एकमेकींचा हात धरायचो. साडेदहाला झालं. बारापर्यंत वहिनीनं मान वर केली नाही. एकतीस तारखा लिहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन पासवर्ड सांगितला. "दोघींना ठाऊक पाह्यजे. मला काय झालं तर तू उघड."

संध्याकाळी दादा आला. बटण दाबलं, नवा पडदा बघितला. एस्केप दाबलं. पुन्हा दाबलं. मग मुठीनं दाबलं.

"काय लावलंय हे?"

"लिनक्स हाय," वहिनी म्हणाली.

"पासवर्ड सांग."

तिनं मान हलवली. त्यानं तिचे केस धरून कपाळ मॉनिटरच्या कोपऱ्यावर आपटलं. "सांग." पुन्हा आपटलं. काचेवरून रक्त ओघळलं. ती खाली बसली, पण तोंड उघडलं नाही. मग तो माझ्याकडं वळला.

"राजे, तू उघड. तुला येतंय."

ह्याच भावानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, माझी फी भरली होती. आजवर मला बोट लावलं नव्हतं. माझा त्याच्यावर जीव होता, आजही खोटं बोलणार नाही.

"येतंय," मी म्हणाले. "पर उघडणार न्हाई."

त्यानं पट्टा काढला. पहिल्या फटक्याला बक्कल कानावर बसलं, दुसऱ्याला भुवई फुटली. तिसरा उगारला तेव्हा माझ्या हाताला वरवंटा लागला. मी तो दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. कीव आली नाही मला. बरं वाटलं. दादानं बोंब मारली आणि लाथेनं टेबलच पाडलं. मॉनिटर फुटला, कॉम्प्युटरचा डबा पायरीवरून खाली गेला. शेजारच्या साखरबाई चार बाया घेऊन धावत आल्या, तेव्हा कुठं तो थांबला.

डोक्याला पट्ट्या बांधून आम्ही दुसऱ्या दिवशी चेपलेला डबा सरांकडं नेला. त्यांनी डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. तोच पडदा आला. सर तोंड फिरवून उभे राहिले. मी पासवर्ड टाइप केला आणि दार उघडलं. एकतीसच्या एकतीस तारखा जागच्या जागी. प्रिंटरमधून कागद येऊ लागले तशी मी वाचू लागले. शेवटच्या पानावर हात थांबला.

"१२ जून. राजश्रीने ह्यांना एस्केप दाबायला सांगितले, असे हे मारताना म्हणाले. आत काय आहे ते तिला माहीत नव्हते. कीबोर्डने मारले, ओठाला चार टाके. मारल्यावर लगेच पाहणारी: राजश्री."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तिनं पासवर्ड माझ्याच कानात सांगितला.

मला रडू आवरेना. वहिनी खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत होती. ओठावरच्या व्रणामुळं तिला नीट हसता येत नव्हतं.

"ती ओळ खोडायची असंल तर खोड," ती म्हणाली. "मी काय म्हणणार न्हाई."

मी सरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. साक्षीदार म्हणून त्या ओळीखाली पूर्ण नावानिशी सही केली आणि कागद वकीलबाईंकडं नेऊन दिले.