जिल्हा कचेरी आणि लग्नाचा बस्ता

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या विणकराच्या घरात झोप यायची ती मागाच्या खटखटाटात. त्याच मागानं मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. नगररचनेची पदवी घेतली आणि नव्या जिल्ह्याचा आराखडा करणाऱ्या कचेरीत लागलो. बेळगावची गर्दी कमी करायला निपाणीकडच्या गावांचा वेगळा जिल्हा करावा, असा विचार होता.

पेढे घेऊन घरी आलो. वडिलांनी, आप्पांनी, पेढा हातात धरूनच विचारलं, "व्हय रं, तिकडची माणसं कचेरीच्या कामाला इकडं यायची बंद झाली, तर आपल्या साड्या कोण घ्यायचं?"

आमची निम्मी गिऱ्हाइकं निपाणीकडची. मी म्हणालो, "आप्पा, साडी घ्यायला जिल्हा लागत न्हाय."

त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला.

पहिलंच काम मिळालं ते बेळगावच्या जिल्हा कचेरीत येणाऱ्या माणसांच्या पाहणीचं. लग्नसराई होती. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बंगळूरहून आलेले आमचे साहेब चक्रावले. "एका सहीला आठ माणसं?"

मला हसू आलं. निपाणीकडचे लोक कचेरीचं काम बस्त्याच्या दिवसापर्यंत राखून ठेवतात. मग दोन्ही घरची मंडळी एका जीपमधून येतात. एकजण खिडकीपाशी उभा राहतो, बाकीचे ओसरीवर दशम्या सोडतात. सही झाली की सगळे मिळून वडगावला, लग्नाच्या साड्या घ्यायला.

ओसरीवरच्या एका आक्कांना विचारलं, "कचेरी निपाणीजवळ आली तर बरं न्हाय का?"

"लई बरं. पण मग घरात काय सांगून बेळगावला यायचं?"

शेजारची म्हणाली, "हिला सही नको, साडीच पायजे."

"मग? कचेरी न्या की तिकडं. साड्याबी न्या संगट."

संध्याकाळी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी माग थांबवला आणि पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तिकडं साड्या घिऊन बसायला जागा ठेवशील न्हवं?"

आराखड्यात मी नव्या कचेरीसमोर बाजाराचं मैदान दाखवलं. साहेबांनी कारण विचारलं. मी जीपची हकिकत सांगितली. ते हसले आणि मैदान राहू दिलं.

आराखडा वर गेलाय. जिल्हा कधी होईल ते कुणालाच ठाऊक नाही. आप्पा मात्र अधूनमधून नकाशा उघडायला लावतात.

"सावली हाय न्हवं तिथं? उन्हात रंग उडतोय साडीचा."

मैदानाच्या कडेनं मी झाडांची एक ओळ आधीच काढून ठेवली आहे.