रांजणाभोवतीची सोयरीक

घाटनांदूरच्या दगडाबाईशी बसून बोललेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वाटणीत कुंभाराचं चाक दिराकडे गेलं, तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमालाच. मी फिरते की!" तेव्हापासून ती मातीची लांब वळी करते, एकावर एक चढवते आणि थापटत थापटत रांजणाभोवती फिरते. हातातला काठ पुरा होईपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर तडा जातो. ज्याला बोलायचंय त्यानं मागं चालावं. शेजारी असून मी तिच्याकडे विरजण मागायला गेलो, तरी पाय दुखवून घेऊन येतो.

तिच्या राजश्रीची आधीची स्थळं या फिरण्यापायीच मोडली. आता परळीचा जीवन बघायला येणार होता आणि जत्रेत पाहिल्यापासून तो राजश्रीला मनापासून आवडला होता. "आई, आज मातीला हात लावू नको," तिनं हात जोडले. पाहुणे यायच्या आत काठ उरकेल असा दगडाबाईचा हिशोब. पाहुणे लवकर टपकले.

"या, या! चालत ऱ्हावा," दगडाबाई म्हणाली. राजश्रीनं कपाळाला हात लावला.

जीवनचे वडील धुळाजी फेटा सावरत दगडाबाईच्या मागे निघाले. त्यांच्यामागे, रीतीप्रमाणे, त्यांची बायको बायडाबाई. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मीही निघालो.

"पोरीला सैपाक येतो का?" धुळाजींनी विचारलं.

"येतो. तुमच्या पोराला?"

या प्रश्नानं की गरगरण्यानं कुणास ठाऊक, धुळाजी मातीच्या चिखलात फतकल मारून बसले. राजश्रीचे डोळे भरले. हेही स्थळ गेलं!

धुळाजी कसेबसे उठले, तोवर बायडाबाई पुढे निघून गेली होती.

"अगं, थांब! मी म्होरं चालणार."

"कावून थांबू? लगीन झाल्यापासून तुमची पाठच बघत आले. आज तुमी माजी बघा." बायडाबाईनं पदर खोचला. "आसं घर पुन्हा गावायचं न्हाई. पोरगी पसंत हाय!"

"होकार का नकार, ते मी ठरवणार!" धुळाजी तिच्यामागे पळू लागले. तीही पळू लागली.

"हळू, काठ हालतोय!" दगडाबाई ओरडली.

राजश्रीनं तेवढ्यात घरातून साखर आणली आणि जीवनपासून सुरुवात करून सगळ्यांच्या तोंडात घातली. धुळाजींची पाळी आली, तेव्हा त्यांनी नकारासाठी तोंड उघडलेलंच होतं.