निळी खुर्ची

गवारी मॅडमच्या टेबलामागे नेहमी दोन खुर्च्या असत. एक त्यांची, जुनी वेताची. दुसरी निळ्या प्लास्टिकची, बहुतेक वेळा रिकामी. पाटबंधारे खात्याच्या त्या कचेरीत मी पहिल्यांदा गेलो आणि समोरच्या बाकावर टेकायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. "तिथं तक्रारवाले बसत्यात. तुमी सल्ला द्यायला आलाय ना? मग हिकडं माज्या शेजारी बसा. शिव्या आल्या तर दोघांनी वाटून घेऊ."

मी पुण्याहून आलो होतो. हवामान बदलतंय, तर जुन्नर-आंबेगावकडच्या धरणांच्या पाण्याचं नियोजन कसं बदलावं, याचा अभ्यास आमची संस्था आणि त्यांचं खातं मिळून करणार होते. मॅडम आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या, भात पिकवणाऱ्या घरातल्या. अभियंता झाल्या, हुद्द्याने वर चढल्या, पण घरची बोली त्यांनी सोडली नाही. पुण्यातल्या बैठकीतही तसंच बोलत, आणि समोरचा भांबावला की त्यांना मनापासून आनंद होई. मला त्या 'पंचांगवाले' म्हणत. आधी मला राग यायचा. पुढे पुढे एखाद्या दिवशी तशी हाक आली नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

माझे रंगीत नकाशे त्या नीट बघत, शंका नेमक्या काढत आणि शेवटी एकच विचारत, "मग गेट उघडू का नको?" मी शक्यतांची भाषा सुरू केली की हात वर करून थांबवत. मला वाटायचं, बाईंना छातीठोक उत्तर हवंय. तसं नव्हतं. "ठाऊक हाय तेवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "पण ज्याचं पाणी अडवायचं, त्याच्या तोंडावर सांगा."

ती वेळ लवकरच आली. त्या उन्हाळ्यात पाऊस लांबण्याची शक्यता जास्त, असा आमचा अंदाज निघाला. धरणात पाणी बेताचंच होतं. कालव्याला पाण्याची शेवटची पाळी सोडली, तर जूनमध्ये गावांना प्यायला पाणी कमी पडणार. राखली, तर कालव्याच्या शेपटाकडची टोमॅटोची पिकं धोक्यात. मॅडमनी सगळ्या बाजूंनी विचार केला, वरिष्ठांची परवानगी मिळवली आणि पाणी राखायचं ठरवलं. मग निळी खुर्ची जीपमध्ये टाकून पिंपळवंडीच्या पुढच्या एका गावात सभेला गेल्या, आणि मला तिच्यावर बसवलं.

बबनराव नावाचे शेतकरी उठले. त्यांचा टोमॅटो नुकता फुलावर आला होता. पाऊस लांबणार म्हणजे नक्की लांबणारच का, असं त्यांनी मला विचारलं. मी मॅडमकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही. अंदाज चुकूही शकतो, असं मी सांगितलं आणि सभेत एकच गलका झाला. मॅडमनी तो ओसरू दिला. मग म्हणाल्या, "अंदाज ह्यांचा, निर्णय माजा. बोलायचं ते दोघांना बोला." लोक भरपूर बोलले.

आणि पाऊस वेळेवर आला. चांगला दणकून आला. बबनरावांच्या टोमॅटोची फुलं तोवर गळून गेली होती आणि आम्ही राखलेलं पाणी नव्या पाण्यात मिसळून गेलं. आता ही बाई मला दारात उभं करणार नाही, असं मला वाटत होतं. तेवढ्यात त्यांचा फोन आला. त्याच गावात सभा ठेवली होती.

"कशाची सभा?" मी विचारलं.

"चुकलो ते सांगायची."

शास्त्राच्या भाषेत याला चूक म्हणत नाहीत, हे मी त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. "ते बी सांगा. पण या."

त्या सभेत मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्या निर्णयामुळे पिकं गेली, हे त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा अंदाज घेऊन येऊ, तोही चुकू शकेल, तरी येऊ, एवढंच पुढे म्हणाल्या. बबनराव मधेच उठून निघाले. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "फुलावर आल्यावर काय सांगताय राव? लागणीच्या आदी सांगायचं." परतताना जीपमध्ये मॅडम मला पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या.

पण बबनरावांचं बोलणं त्यांनी सोडलं नाही. पुढच्या वर्षी लागणीआधीच आम्ही गावात गेलो. इतक्या आधी दिलेला अंदाज आणखी कच्चा असतो, हेही मी सांगून टाकलं. शाळेच्या पटांगणातली ती सभा शांत होती. बबनराव आत शाळेत गेले, एक लोखंडी खुर्ची घेऊन आले, माझ्या शेजारी मांडली आणि गावाकडे तोंड करून बसले.

"औंदा मी अर्ध्याच रानात टोमॅटो करनार," ते म्हणाले, "बाकीच्यात बाजरी. पाऊस वेळेवर आला तर आला. पण मागल्या साली ह्ये दोघंच चुकले. औंदा चुकलो तर समदे मिळून चुकू."

लोक हसले, आणि मग एकेक जण आपण काय पेरणार ते सांगू लागला. मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. इतका पुसण्यासारखा तो मळला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि गावी जाऊन भातशेती बघू लागल्या. सभा अजून लागणीआधी होते. खुर्च्या आता ओळीने मांडतात आणि त्यांत गावातली माणसं जास्त असतात. मॅडमचा फोन मात्र मे संपताना न चुकता येतो. "काय पंचांगवाले, भाताचं रोप कधी टाकू?"

मला ठाऊक असेल तेवढं मी सांगतो, आणि चुकूही शकतं, असं म्हणतो.

"ते ठाऊक हाय," त्या म्हणतात. "तुमी हिकडं या. बांधावर माज्या शेजारी बसा, आन् मग सांगा."

आणि मी जातो.