पाठी सारख्याच असतात

हेब्बाळला आमच्या ऑफिसच्या बागेत एकाच झुडपावर दोन कोळी जाळी विणून बसले होते. दोघांच्या पाठीवर तेच पिवळे-काळे पट्टे! एकच जात की दोन? तीन आठवडे फोटो शेजारी शेजारी ठेवून मी डोकं खाजवत होतो.

एका सकाळी तिथं वाकून तण काढणारा माळी माझ्या फोनमध्ये डोकावला.

"पाठी सारख्याच असतात, सर. स्वल्प मागं जाऊन पोटाचा फोटो काढा की."

आजूबाजूला सगळं कन्नड, आणि ही बेळगावकडची मराठी! त्यानं खुरपं कमरेला खोचलं आणि जाळं तुटू नये म्हणून फांदी दोन बोटांनी अलगद बाजूला धरली. मी गुडघ्यांवर झुडपामागे घुसलो. पोटावरची नक्षी साफ वेगळी! मी चक्क ओरडलो. तो हसला आणि पुन्हा तणाकडे वळला.

पोटांचे फोटो मी कोळ्यांच्या जाणकारांना पाठवले आणि रात्रीतून त्यांचं उत्तर आलं. सकाळी मी धावतच बागेत गेलो. तोच निळा गणवेश, तीच वाकलेली पाठ.

"अण्णा, दोन जाती निघाल्या, दोन!"

वळला तो भलताच माणूस. पलीकडे आणखी तिघं वाकलेले होते, चारही पाठी अगदी सारख्या.

फोन हातात धरून मी एकेकाच्या पुढे जाऊन चेहरा बघायला लागलो.