फिरून घ्या नाव

"थांबा बाई. फिरून घ्या तिचं नाव."

हजेरी चालू असताना मधेच असं थांबवणारं माणूस तुम्हालाही आवडलं नसतं. जाफराबादच्या शाळेच्या बालवाडीत मी नवी होते, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट ताजं होतं, आणि मला अडवायच्या त्या आमच्या मदतनीस मावशी. त्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.

'ती' म्हणजे सुमन. पाच वर्षांची, दम्याची. जालन्याच्या डॉक्टरांनी अर्ध्या-अर्ध्या गोळीच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. दम लागायची सुरुवात दिसली की लगेच एक पुडी, कोमट पाण्याबरोबर. उशीर करायचा नाही. तिच्या आईने पुड्या माझ्या हवाली केल्या आणि मी त्या मोठ्या जबाबदारीने टेबलाच्या खणात ठेवल्या. सुरुवात ओळखायची कशी, हे विचारायचं राहूनच गेलं.

एक दिवस सुमन अगदी गप्प बसली होती. चाळीस पोरांच्या गोंगाटात एक तरी शहाणी निघाली, म्हणून मी वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या ऐकून मावशी आत आल्या, तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, शहाणी न्हाई, दम पुरून न्हाई राह्यला तिला." पोरीला कडेवर घेऊन त्या दवाखान्याकडे धावल्या. त्या टाळ्यांची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सुमनच्या आईला सांगितलं, पोरीला घरीच ठेवा, पहिलीचंही पुढं बघू. "शाळेत काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माही," मावशी दारातून म्हणाल्या.

हेडमास्तरांनी होळीपर्यंत मुदत दिली. पुन्हा दवाखान्याची पळापळ झाली की नाव काढणार.

मग मावशींनी आपली पद्धत बसवली. सुमनने 'हजर बाई' एका दमात म्हटलं तर बरं. 'हजर' एकीकडे आणि 'बाई' दुसरीकडे पडलं, की पुडी. शंका आली तर फिरून नाव. मी हजेरी दिवसातून एकदा घ्यायचे, त्यांनी ती तीनदा करायला लावली. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "रजिस्टरात एकदाच लिहा ना. पोरायला काय, खेळच हाय." पुड्या खणातून निघून खुंटीवरच्या डब्यात गेल्या. झाडलोट पोरं यायच्या आधी, पाणी शिंपडून. फळा ओल्या फडक्याने. खिचडीची चूल मागच्या अंगणात.

सुमनच्या घरून गोळीसाठी पाण्याचा तांब्या यायचा आणि पाणी मीच पाजावं असा निरोप असायचा. मावशी बौद्ध होत्या, त्यांच्या हातचं पाणी त्या घरी चालत नव्हतं. मला फार राग यायचा. मावशी म्हणायच्या, "पाणी कोणाचं का असंना, गोळी बराबर उतरली पाह्यजे." पण तांब्याकडे त्या कधी बघायच्या नाहीत, हे मी पाहिलं होतं.

होळीला आठ दिवस राहिले असताना हेडमास्तर वर्ग बघायला येऊन बसले. दुसऱ्या हजेरीला 'हजर' आलं, 'बाई' येईना. माझ्या हातातून तांब्याच लवंडला. मावशींनी पुडी सोडली, आपल्या घागरीतलं पाणी चुलीवर कोमट करून पाजलं, आणि सुमनला पालथ्या घमेल्यावर कोपर टेकवून पुढं झुकवून बसवलं.

हेडमास्तर उठले. "आईला बोलवून घ्या."

"गुरुजी, बसा जरा. पोरगी आपलं काम करून राह्यली."

ते बसले. मावशींचा हात तिच्या पाठीवर होता आणि सगळा वर्ग त्या हाताकडे बघत होता. बराच वेळ गेला.

"बाई, घ्या आता नाव."

"हजर बाई." एका दमात.

"फिरून घ्या."

"हजर बाई."

तिसऱ्यांदा नाव हेडमास्तरांनीच घेतलं, आणि सुमन इतक्या जोरात 'हजर गुरुजी' म्हणाली की त्यांना हसू आलं. जूनमध्ये पहिलीच्या पटावर तिचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. आणि तांब्या? पाणी कोणी पाजलं ते सुमनने त्याच दिवशी घरी सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि पाणी मीच पाजावं हा निरोपही नाही.

सुमन चौथीत असताना मावशी काम सोडून शहागडला मुलाकडे निघाल्या. निरोपाला सगळी शाळा जमली. हेडमास्तर लांबलचक बोलले. मग सुमन माझं रजिस्टर घेऊन उभी राहिली आणि तिने मावशींचं नाव घेतलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं. इतकी वर्षं हजेरी ऐकलेल्या या बाईचं नाव कोणत्याच हजेरीत कधी आलं नव्हतं.

मावशी गडबडून उभ्या राहिल्या. "हजर," म्हणाल्या. पुढचं 'बाई' काही केल्या निघेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"थांबा मावशी," सुमन म्हणाली. "फिरून घेते नाव."