काकाजी इअरबड तपासतात

हे जग देवानं केलं असेल, पण ते तपासून 'पास' करायचं काम त्यानं माझ्या चुलत सासऱ्यांवर सोपवलेलं आहे, याबद्दल आमच्या सासरी कुणाच्याही मनात शंका नाही. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात गेली. मारेगावपासून महागावपर्यंत असा एकही आठवडी बाजार नसेल, जिथं काकाजींची जीप दिसताच कुणीतरी घाईघाईनं पारड्याखाली चिकटवलेली चिंच खरडून काढली नाही. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी खात्याला केलं नाही. बाभुळगावच्या घरी बसून तेच काम ते आता बिनपगारी आणि जास्त कडकपणे करतात. निकाल दोनच, 'पास' नाहीतर 'जप्त'. काकूंचं नवं लाटणं एका टोकाला जाड निघालं, जप्त. भिंतीवरचं घड्याळ मागं पडायला लागलं, जप्त. दूधवाला काकूंना परसदारी गाठतो, कारण त्याचं माप काकाजींच्या हाती लागलं की ते आतून बोट फिरवून पोचे शोधत बसतात आणि तेवढ्यात पुढच्या चार घरांचा चहा खोळंबतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली की ती तळहातावर धरून डोळे मिटतात. शेजारी बसलेल्या माणसाला वाटतं म्हातारा देवाचं नाव घेतोय. देवाचं नाव कसलं, वजन चाललेलं असतं.

मलाही त्यांनी तपासलेलं आहे. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे येण्याआधी काकाजींनी माझ्या हातात एक गंजकं कुलूप आणि किल्ली ठेवली आणि म्हणाले, "थोडं उघडून देता काय?" मी घाम येईपर्यंत त्या किल्लीशी झटत राहिलो. कुलूप काही उघडलं नाही. उघडणारच नव्हतं, किल्ली दुसऱ्याच कुलपाची होती. शेवटी मी ते परत देऊन म्हटलं, "माफ करा, मला नाही जमत." काकाजींनी आत तोंड करून हाक दिली, "पास." पुढे कधीतरी त्यांनी खुलासा केला की कुलपावर चिडणारा माणूस बायकोवरही चिडतो. माझ्या बायकोचं या तपासणीबद्दल वेगळं मत आहे, ते असो.

तर अशा या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट कधी तपासली नव्हती, ती म्हणजे स्वतःचे कान. गेली काही वर्षं त्यांना कमी ऐकू येत होतं. पण बोलायची सोय नव्हती. उन्हाळ्यात विषय काढला तर म्हणायचे, "कूलर पाह्य ना केवढा बोंबलून राह्यला." पावसाळ्यात टिनाच्या छपराचा दोष. हिवाळ्यात तर म्हणे लोकच तोंडाला मफलर गुंडाळून बोलतात, त्याला ते काय करणार. कानाचं मशीन हा शब्द उच्चारला की उठून अंगणात जायचे. आम्ही यावर खूप हसायचो, पण खरं सांगायचं तर हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकाजी हळूहळू हसतमुखानं मान हलवणारे गृहस्थ होत चालले होते. काहीही बोला, "हो हो, बरोबर आहे." ज्या माणसानं आयुष्यात कुणाचंही काही तपासल्याशिवाय बरोबर म्हटलं नाही, तो आता न ऐकताच सगळ्यांना पास करत होता. लोकांचंही त्यांच्याशी बोलणं कमी झालं. एक चाचा तेवढे रोज दुपारी यायचे.

चाचा म्हणजे काटे दुरुस्त करणारे मिस्त्री. नोकरीच्या काळात काकाजी काटा नापास करायचे आणि दुकानदार तो घेऊन चाचांकडे धावायचा. दोघांनी मिळून आपल्याला लुटायचं ठरवलंय अशी बाजारात कुजबुज असायची. पण चाचा दुरुस्ती नीट करतात की नाही हेही काकाजीच तपासत आणि दोनदा नापास करत. अशा भांडणातून जी दोस्ती होते ती पक्की असते. निवृत्तीनंतरही एकमेकांना 'साहेब' आणि 'मिस्त्री' म्हणायचं सुटलं नाही. रोज चार वाजता चाचा येणार, कूलरसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसणार, बोलणार, आणि काकाजी मान हलवणार. पुण्याच्या माझ्या मेहुणीला, म्हणजे काकाजींच्या लेकीला, हेच खुपत होतं. फोनवर ती मला म्हणाली, "भाऊजी, बाबा असेच मुके होऊन जातील. काहीतरी करायलाच पाहिजे."

तिनं जे केलं त्याला मी अजून मनातल्या मनात सलाम करतो. तिनं चांगल्यातले महागडे इअरबड बाबांच्या नावानं पाठवून दिले आणि फोनवर ओरडून सांगितलं, "बाबा, माझ्यासाठी घेतलेत. ठेवू की परत करू ते तुम्ही तपासून सांगा. परत करायला थोडेच दिवस आहेत." मला मात्र आतली गोष्ट सांगून ठेवली. त्या इअरबडमध्ये एक सोय होती, ती चालू केली की समोरच्या माणसाचं बोलणं मोठं होऊन कानात येतं. बाबांनी एकदा का ते 'पास' केले की त्यांच्याच कानात राहतील, कारण पास केलेली वस्तू ते टाकत नाहीत. जप्त केले तर संपलं, पुन्हा या घरात कानाचा विषय निघणार नव्हता. ती सोय योग्य वेळी चालू करायचं काम माझ्याकडे होतं. मी शिक्षक, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी यवतमाळहून बॅग घेऊन मुक्कामाला गेलो.

पण तपासणी सुरू झाल्यावर काकाजी मला फोनला हात लावू देतील तर ना. "क्रम असते, जवाईबापू," ते म्हणाले. पहिला क्रम वजनाचा. डबी रुमालात बांधून आम्ही भर उन्हात सोनाराकडे गेलो. सोनारानं त्यांना पाहताच आधी स्वतःचा काटा पुसला. डावा बड आणि उजवा बड वेगवेगळे तोलून झाले, वजन सारखं भरलं, तेव्हा काकाजींचा चेहरा खुलला. "कंपनी इमानदार दिसते," ते सोनाराला म्हणाले, आणि तो बिचारा उगाचच ओशाळला. मग पकड. दोन्ही बड कानात घालून त्यांनी चिवडा खाल्ला, तांदळाचे पापड खाल्ले, तपकीर ओढून शिंका काढल्या, आणि शेवटी काकूंच्या खाटेवर चढून उडी मारली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पाहिलं, आणि "पडले तं मी उचलनार नाही" एवढंच बोलून परत आत गेल्या. बड पडले नाहीत. काकाजी थोडे खट्टूच झाले, कारण इतका वेळ दोष न सापडणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

तिसरी तपासणी बाहेरचा गोंगाट बंद करण्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात गोंगाट आणायला कुठं जावं लागत नाही, कूलर असतो. काकाजी त्याच्यासमोर बसले, बडवरचं बटण दाबलं, आणि ताडकन उठून कूलरच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या. मग टाकीत पाणी पाहिलं, प्लग काढून पुन्हा लावला, पंख्यासमोर हात धरला. हाताला वारा लागत होता, आवाज मात्र नव्हता. "अहो, कूलर चालूच आहे," मी खुणेनं सांगितलं. त्यांनी बड काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले, आणि लहान पोरासारखे हसले. मला वाटलं, जिंकलो.

पण चौथा क्रम निघाला आवाजाचा. फोनवर सनई लावून काकाजी आवाज वाढवत गेले, शेवटच्या टोकापर्यंत गेले, आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. "कमी आहे," ते म्हणाले. "जेवढा मोबाईलवर दाखवते तेवढा भरत नाही. आवाजात काटा मारून राह्यले हे लोक." मी म्हटलं काकाजी, एकदा मला द्या, मी एक सोय चालू करून दाखवतो. "नमुन्यात फेरफार करून तपासत नसतात," त्यांनी मला झापलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही कळत होतं की आता 'जप्त' हा शब्द यायचा तेवढा बाकी आहे. पण काकाजी शब्द उच्चारता उच्चारता थांबले. खात्याचा नियम होता. एखाद्याचं वजन खोटं ठरवायचं तर ते आधी प्रमाण वजनाशी ताडून पाहायचं, निरीक्षकाच्या नुसत्या म्हणण्याला किंमत नाही. चार वाजत आले होते. "मिस्त्री येऊ द्या," काकाजी म्हणाले. "एक माह्या कानात, एक त्याईच्या. मंग पाहू."

चाचा आले. टोपी काढून घाम पुसला, नेहमीच्या खुर्चीत बसले, आणि काय चाललंय हे विचारायच्या आत काकाजींनी डावा बड त्यांच्या कानात घातला. उजवा स्वतःच्या कानात. सनई होती तेवढ्याच आवाजावर सुरू केली. चाचा असे उसळले की खुर्ची मागं सरकली. हात कानाकडे गेला, डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यांनी बड काढला नाही. समोर काकाजी शांतपणे मान थोडी तिरपी करून ऐकत होते, त्यांच्यापर्यंत ती सनई कुठून तरी लांबून येत होती. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी चाचांच्या चेहऱ्यावर जी माया दिसली ती मी सख्ख्या भावांतही फारशी पाहिलेली नाही. बड काढून ते मोठ्यानं म्हणाले, "सही बोलता साहेब तुमी. आवाज कमीच आहे."

आता गंमत अशी की काकाजींनी उभ्या आयुष्यात काट्याकडे पाहून काटा तपासला नाही. ते दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायचे. आत्ताही त्यांनी चाचांचं तोंड पाहिलं होतं. सनई बंद केली. मग काकाजी म्हणाले, "मिस्त्री, काट्याबद्दल तुमी माह्यापाशी कधी खोटं नाही बोलले. आज काहून बोलून राह्यले?" चाचा टोपीच्या कडा चाचपत राहिले. काकाजींनी दोन्ही बड तळहातावर घेतले, जिलबीसारखे तोलले, आणि फोन माझ्यासमोर धरला. "तुमची ते काय सोय आहे, लावा. यंत्र बरोबर आहे. माप माह्यं उतरलं."

मी ती सोय चालू केली. काकाजींनी बड कानात घातले आणि डोळे विस्फारून इकडे तिकडे पाहू लागले. काकूंच्या बांगड्या वाजल्या तिकडे वळले. अंगणातल्या कडुलिंबावर चिमण्या भांडत होत्या तिकडे पाहत राहिले. मग एकदम त्यांचा जुना निरीक्षकाचा चेहरा परत आला. "थांबा. शिट्टीवानी आवाज येऊन राह्यला. नमुन्यात खोट आहे." बड काढले, आवाज गेला. घातले, आला. त्यांनी कूलर बंद केला, तरी आला. ते खिडकीकडे गेले तेव्हा तो कमी झाला, परत फिरले तेव्हा वाढला. असे शोधत शोधत, मान वाकवून, ते चाचांच्या खुर्चीपाशी येऊन थांबले आणि तसेच वाकून त्यांच्या छातीजवळ कान नेला.

"मिस्त्री, हे तुमचं आहे."

चाचा खाली पाहून हसले. "दमा आहे साहेब. तसा काही खास नाही."

"कवापासून?"

"झाले असतील दोन पावसाळे."

"आन् मले सांगतलं नाही?"

एकदा खोटं पकडलं गेलं होतं, दुसऱ्यांदा चाचांना जमेना. "सांगतलतं साहेब," ते हळूच म्हणाले. "इथंच बसून सांगतलतं. डॉक्टर काय बोलला तेही सांगतलं. तुमी म्हटलं, हो हो मिस्त्री, यंदा कापूस बरा आहे."

चाचांची ती घरघर आम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती, ते दारात आले की आधी तीच यायची. काकाजींना माहीत नसेल असं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. काकाजी सावकाश आपल्या खुर्चीत बसले. बाहेर उन्हाचा भडका होता आणि घर तापत चाललं होतं. काकूंनी कूलरच्या बटणाकडे हात नेला तर ते म्हणाले, "राहू दे. ओला वारा बाधते त्याईले." मग लेकीला फोन लावायला सांगितलं, 'पास' एवढा एकच शब्द बोलले आणि तिचं रडू ऐकू यायला लागल्यावर गडबडून फोन माझ्याकडे दिला. चाचांना घेऊन यवतमाळच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, सोबत कोण येणार हे मला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

काकूंनी चहा आणला. काकाजींनी तो संपवला. कप खाली ठेवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली, इतकी की दोघांचे गुडघे टेकले, आणि म्हणाले, "मिस्त्री, या दोन सालात तुमी जे जे सांगतलं ते मले पुन्हा सांगा. पयल्यापासून. घाई नाही."

चाचांनी जरा आठवलं. मग घसा खाकरून, जणू आजच घडल्यासारखं, ते म्हणाले, "पयली खबर तं ही साहेब, घरी नातू झाला."

काकाजी उठले, त्यांनी चाचांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मुबारकबाद दिली. तो नातू एव्हाना चाचांच्या घरभर पळत होता.