वाचता न आलेलं उत्तर

काल अलकापुरीतल्या दुकानात कुणीतरी मार्करचं टोपण उघडलं आणि त्या उग्र वासासरशी मला समा भागातली आमची रविवार सकाळची बैठक आठवली. आमच्या चर्चामंडळातला सर्वांत भांडकुदळ आणि माझा सर्वांत जवळचा मित्र घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आला होता, काखेत पांढरा बोर्ड घेऊन, कारण आवाज गेला होता. विषय होता, असाध्य आजारात उपचार थांबवावेत का. एक वकील म्हणाले, "कसंही असो, माणसाने जगतच राहावं." तो भराभर लिहू लागला, पण हात इतका थरथरत होता की नुसत्या रेघोट्याच उमटल्या. गुजराती यजमानीणबाई म्हणाल्या, "चालो, चहा घ्या," आणि सगळे उठले. त्याने बोर्ड माझ्यापुढे धरला. एक अक्षर लागत नव्हतं, तरी मी म्हणालो, "कळलं रे." त्याने माझ्याकडे पाहिलं, बोर्ड पुसला आणि सावकाश एकच शब्द लिहिला: खोटं. पुढच्या रविवारआधीच तो गेला. त्याला आणखी जगायचं होतं की सुटायचं होतं, हे मी आता कुणाला विचारू?